साडेपाचची बस

आमच्या पिढीला आयुष्याचं ध्येय शाळेत सातवीत विचारलं गेलं, आणि तेही दहा गुणांसाठी. ‘मी कोण होणार’ या निबंधात वर्गातली झाडून सगळी मुलं डॉक्टर होऊन खेड्यात जायला निघायची, कारण मार्गदर्शिकेत तसंच छापलेलं असे. ते सगळे निबंध खरे झाले असते तर आज एकेका खेड्यात रोग्यांपेक्षा डॉक्टर जास्त असते, आणि नंबर लावून बाहेर बाकावर डॉक्टरांनाच बसावं लागलं असतं. निबंध तपासून परत मिळाला की ध्येयाचा विषय मिटला. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, घराचे हप्ते सुरू झाले. तुझ्या जगण्याचा हेतू काय, असं ना साहेबांनी कधी विचारलं, ना सासऱ्यांनी. सासऱ्यांनी पगार विचारला होता. त्यात सगळं आलं.

निवृत्त झाल्यावर मात्र तो प्रश्न पुन्हा अंगावर येतो. रिकामा दिसणाऱ्या माणसाला हेतू मिळवून द्यायला अख्खी सोसायटी टपलेली असते. मला पहिल्याच आठवड्यात सेक्रेटरीपद देऊ केलं होतं. पाण्याच्या टाकीची गळती हे माझं जीवितकार्य व्हावं अशी तिसऱ्या मजल्याची फार इच्छा होती. ते मी टाळलं. पण घरातल्या घरात पुतण्याने गाठलं.

पुतण्या हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि तूर्त आमच्याकडे राहतो. राहतो म्हणजे त्याचे कपडे, चार्जर आणि प्रोटीनचा डबा आमच्याकडे राहतात. तो स्वतः रात्री साडेअकराला येतो, जेवण गरम करून घेतो आणि अमेरिकेशी बोलायला बसतो. तिकडे तेव्हा दिवस असतो, त्यामुळे तिकडची माणसं फार उत्साहात असतात. तर या मुलाने एका रविवारी ‘इकिगाई’ नावाचं ते निळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि एका कागदावर एकमेकांत अडकलेली चार वर्तुळं काढून दिली. तुम्हाला काय आवडतं, तुम्हाला काय चांगलं जमतं, जगाला कशाची गरज आहे आणि कशाचे पैसे मिळतात. चारही वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात तिथे म्हणे आपला हेतू बसलेला असतो.

‘‘काका, भरा,’’ तो म्हणाला. ‘‘मी भरून भरून दमलो.’’

मी प्रामाणिकपणे भरलं. काय आवडतं? दुपारची झोप. काय चांगलं जमतं? दुपारची झोप, त्यात माझा हात धरणारा आमच्या इमारतीत कुणी नाही. जगाला कशाची गरज आहे? वर्तमानपत्र वाचून माझं असं मत झालंय की जगातल्या दोन-चार मोठ्या माणसांनी रोज दुपारी तासभर डोळा लावला तर बरीच संकटं परस्पर टळतील. राहिले पैसे. तर कचेरीत असताना त्याचेही मिळत होते, महागाई भत्त्यासकट. चारही वर्तुळं तंतोतंत एकमेकांवर बसली. पुतण्याने कागद काढून घेतला.

नंतर असं कळलं की ती वर्तुळं मुळात जपानी नाहीतच. ओकिनावातल्या ओगिमी गावच्या दीर्घायुषी म्हाताऱ्यांची हकीकत सांगणारं ते पुस्तक स्पेनमधल्या दोन लेखकांचं, २०१६ सालचं. वर्तुळं त्याहून जुनी, आणि ती काढली आंद्रेस झुझुनागा नावाच्या एका स्पॅनिश ज्योतिषाने. २०१४ मध्ये मार्क विन नावाच्या ब्रिटिश गृहस्थांनी मधल्या जागेत ‘हेतू’ होता तिथे जपानी शब्द बसवला, आणि आकृती जगभर गेली. ज्योतिषाने काढलीय म्हटल्यावर आमच्या हिचा तिच्यावर एकदम विश्वास बसला. पत्रिकेत बारा घरं असतात, इथे चारांत भागतंय, वाईट काय, असं तिचं म्हणणं.

पुतण्याची अडचण खरं तर वेगळी आहे. त्याच्याकडे हेतूंचा सुळसुळाट आहे. कंपनीचा हेतू लिफ्टमध्ये लिहिलाय, कॅन्टीनमध्ये लिहिलाय, कॉफीच्या मगावर लिहिलाय. मगावरच्या मजकुराप्रमाणे त्यांना जग बदलायचं आहे. प्रत्यक्षात त्याचा गट एका परदेशी दुकानाच्या साइटवर ‘माल परत करा’ हे बटण गिऱ्हाइकाला चटकन सापडू नये अशी तजवीज करतो. मध्यंतरी काम आणि घर यांचा तोल कसा साधावा यावर त्यांचं लोणावळ्याला शिबिर झालं. शनिवार-रविवारी. हजेरी सक्तीची. शिबिरात गीतेतला तो प्रसिद्ध श्लोकही पडद्यावर आला. पगारवाढीच्या मोसमात तो हमखास येतो. फळाची आशा धरू नका हे सांगणारा माणूस नेहमी फळं वाटणाऱ्या बाजूला बसलेला असतो, हे माझं जुनं निरीक्षण आहे.

देशपातळीवरही तेच चाललंय. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तो आकडा ९० वर नेला, आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असंही विचारलं. आमच्याकडे यावर फारशी चर्चा झाली नाही. ही एवढंच म्हणाली की बायकांचं मत घेतलं असतं तर १२० तास बिनविरोध मंजूर झाले असते.

हेतू आणि मेहनत यांचं हे त्रांगडं ऐकलं की मला आमच्या समोरच्या विंगेतल्या कोशवाल्या बाई आठवतात. पुण्यातल्या एका कोशाच्या कचेरीत त्यांनी उभी नोकरी काढली. कोश कुठला ते लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्या लागल्या तेव्हा ‘न’ चालू होता आणि निवृत्त झाल्या तेव्हा ‘प’ संपायचा होता. आपल्या वर्णमालेत न आणि प यांच्यामध्ये दुसरं अक्षर नाही. लोक कारकुनाचे हेडक्लार्क होतात, हेडक्लार्कचे साहेब होतात. बाई ‘न’वरून ‘प’वर आल्या. घरातल्या तारखासुद्धा त्या कोशावरून सांगतात. थोरल्याची मुंज ‘नवरा’ चालू असताना झाली. धाकट्याला कावीळ झाली ती ‘निवडुंग’च्या वेळी. सासूबाई गेल्या तेव्हा ‘पक्वान्न’चं प्रूफ आलेलं होतं, ते तेराव्यानंतर पाहिलं.

त्यांचं काम मी एकदाच जवळून पाहिलं. त्यांच्या घरून काही कागद पोचवायला गेलो होतो. मे महिन्यातली दुपार, आणि खोलीतला पंखा बंद. वीज होती, पंखाही धडधाकट होता. पण लांबलचक टेबलावर अर्ध्या पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या मांडलेल्या होत्या, पत्त्यांतल्या पेशन्सचा डाव मांडावा तशा, आणि पंखा लावला असता तर डाव खिडकीबाहेर गेला असता. प्रत्येक चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात शब्द, मधे तो शब्द ज्यात आलाय ते वाक्य, खाली ग्रंथाचं नाव, आवृत्ती आणि पान. एका गठ्ठ्यातलं अक्षर ठसठशीत, दुसऱ्यातलं किरटं, एकातली शाई हिरवी. ‘‘हे हिरव्या शाईवाले माझ्या फार आधीचे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘गाठ पडली नाही कधी. पण माणूस पक्का. पानाचा आकडा चुकत नाही.’’ गठ्ठ्यांना पूर्वी रबर लावत. ते दोन उन्हाळ्यांत वितळून कागदाला चिकटायचं आणि कागदाबरोबर अक्षरही घेऊन यायचं, म्हणून पुढे सुती दोरा आला. तो दोरा सोडायची बाईंची एक पद्धत होती. आधी गाठीवर बोट, मग एकच हिसका. चिठ्ठी एक हलायची नाही.

त्या दिवशी ‘पडणे’ चालू होतं. पाऊस पडतो, भाव पडतात, प्रश्न पडतो, स्वप्न पडतं, पाया पडतात, अंगवळणी पडतं, महागात पडतं, तोंडघशी पडतात, प्रेमातही पडतात. प्रत्येक अर्थाचा गठ्ठा वेगळा, आणि गठ्ठ्यात जुना दाखला आधी, नवा मागाहून. एक चिठ्ठी हातात धरून बाई बराच वेळ दोन गठ्ठ्यांच्या मधे थांबल्या होत्या. घामाचा थेंब पडू नये म्हणून मान मागे घेतलेली. मग ती त्यांनी कुठल्याच गठ्ठ्यात न ठेवता चष्म्याच्या घराखाली सारली. तिथे तिच्यासारख्या आणखी सात-आठ जणी होत्या. पुढे पावसाळा लागला, पावसाळा सरला, ‘पडणे’ चालूच होतं.

सव्वापाचला बाईंनी गठ्ठे दोऱ्यांत बांधले, चष्म्याच्या घराखालच्या चिठ्ठ्या वेगळ्या डब्यात ठेवल्या, पंखा लावला, त्याखाली पदराने वारा घेत दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि साडेपाचच्या बसला निघाल्या. बसमध्ये त्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचत. खून कुणी केला हे उद्यावर टाकता येत नाही, ‘पडणे’ टाकता येतं.

कधी जास्त वेळ बसावंसं वाटत नाही का, असं मी त्यांना विचारलं होतं. एवढं मोठं काम, लवकर हातावेगळं व्हावं असं कुणालाही वाटेल. बाईंनी शांतपणे हिशेब मांडला. ‘‘समजा, काम शंभर वर्षांचं आहे. मी रोज रात्री दहापर्यंत बसले, तर माझ्या मरणानंतर पन्नास वर्षांनी संपायचं ते अठ्ठेचाळीस वर्षांनी संपेल. त्या दोन वर्षांसाठी माझ्या घरी कुकर कुणी लावायचा?’’

हे ऐकायला कामचुकारपणाचं वाटेल. पण त्याच शहरात, येरवड्याला डेक्कन कॉलेजात, याहून लांब पल्ल्याचा कोश चालू आहे. संस्कृतचा. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ मध्ये तो हाती घेतला. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ घ्यायचे, त्यांतल्या शब्दांच्या चिठ्ठ्या करायच्या आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ काळाच्या ओघात कसकसा सरकत गेला ते क्रमाने मांडायचं. नुसत्या वेचणीत पंचवीसेक वर्षं गेली. चिठ्ठ्या झाल्या सुमारे एक कोटी. पहिला भाग छापून आला तो १९७६ मध्ये. पस्तीस खंड झाले तरी मुक्काम ‘अ’वरच होता. याला कारण संस्कृताची ठेवण. ‘अ’ लावला की वाटेल त्या शब्दाचा नकार तयार होतो, शिवाय अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे सगळे उपसर्ग त्याच दाराने आत येतात, त्यामुळे ‘अ’च्या घरात बारा महिने लग्नघराची गर्दी. हिशेबी माणूस इथे लगेच कागद-पेन्सिल घेऊन ‘ह’ कधी लागणार ते काढू पाहील. त्याला चहा द्यावा आणि पेन्सिल काढून घ्यावी. कारण ज्यांनी त्या चिठ्ठ्या लिहिल्या त्यांनी तो हिशेब केला असता तर एकही चिठ्ठी लिहिली गेली नसती.

भांडारकर संस्थेतलं महाभारत त्यामानाने झटपट झालं म्हणायचं. १९१९ मध्ये सुरुवात, १९६६ मध्ये समाप्ती. जागोजागची बाराशेहून अधिक हस्तलिखितं गोळा करून श्लोकन् श्लोक ताडून पाहायचा होता. विष्णु सीताराम सुखठणकर १९२५ मध्ये या कामाचे प्रमुख संपादक झाले. मूळचे गणिताचे, केंब्रिजला शिकलेले. कुठला पाठ अस्सल आणि कुठला मागाहून कुणी भक्तिभावाने घुसडलेला, हे ठरवण्यात त्यांची पुढची अठरा वर्षं गेली. १९४३ च्या जानेवारीत मुंबईला त्यांची चार व्याख्यानं ठरली होती. विषय महाभारताचा अर्थ. तीन झाली, आणि चौथं द्यायच्या आत ते गेले. लोक ही गोष्ट हळहळून सांगतात. मला त्यात हळहळण्यासारखं फारसं दिसत नाही. महाभारताचा अर्थ सांगायला आपल्याकडे चौकाचौकांत माणसं उभी आहेत. पाठ ताडायला बसणारा शतकातून एखादा मिळतो.

आणि महामहोपाध्याय काणे! ते निघाले होते एक प्रस्तावना लिहायला. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ती ते सिद्ध करत होते, तिच्या जोडीला धर्मशास्त्राच्या इतिहासाची थोडी ओळख करून द्यावी असं त्यांच्या मनात आलं. ओळख वाढत गेली. तिचा पहिला खंड निघाला १९३० मध्ये आणि पाचव्याचा शेवटचा भाग १९६२ मध्ये, काणे ब्याऐंशी वर्षांचे असताना. पानं साडेसहा हजारांच्या वर. त्यातली बरीच वर्षं मुंबईतली वकिली चालूच होती. अशिलं पैसे द्यायची ते कज्जांचे, प्रस्तावनेचे कुणी देत नव्हतं. तरुणपणी कुणी काण्यांच्या हातात ती चार वर्तुळं दिली असती तर ते शेवटच्या वर्तुळाशी अडले असते आणि आपण एका उत्तम वकिलाला मुकलो नसतो, एवढंच.

या मंडळींची आणि माझ्या पुतण्याची तुलना करणं बरं नव्हे, पण तो रोज रात्री समोर बसलेला असल्यामुळे होते. ज्यांच्या कामाला आपल्या हयातीत शेवट नाही ती माणसं साडेपाचची बस पकडतात, आणि ज्याचं काम शुक्रवारी संपायचं असतं तो शुक्रवारपर्यंत पाठ टेकत नाही. त्याने लपवलेलं ते बटण दीड-दोन वर्षांनी उरणार नाही, ते पान उरणार नाही, ते दुकानही बहुधा दुसऱ्या कुणी विकत घेतलेलं असेल. म्हणून तर घाई. मिठाई नासायच्या आत खपवावी लागते तशी. मुलगा आळशी नाही, मूर्खही नाही. त्याच्याकडे रात्र रात्र जागण्याची ताकद आहे आणि ती घालायला पुरेसं मोठं भांडं नाही, आणि हे त्याला कळतं, म्हणून तो रविवारी वर्तुळं काढत बसतो.

याला छेद देणारा माणूसही आपल्याकडेच होऊन गेला. अमेरिकेत कॉर्नेलला डॉक्टरेट मिळवून आलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांना ‘सावकाश’ ही गोष्ट ठाऊक नसावी. ज्ञानकोशासाठी त्यांनी रीतसर लिमिटेड कंपनी काढली, गावोगाव हिंडून वर्गणीदार जमवले आणि १९२० पासून दशकभरात तेवीस खंड काढून दाखवले. त्यांतले पहिले पाच तर नुसते प्रस्तावनेचे. शिवाय कादंबऱ्या लिहिल्या. हाती पैसा राहिला नाही, प्रकृती ढासळली आणि १९३७ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते गेले. त्यांना कुणी तोल सांभाळायला शिकवलं असतं तर त्यांना आणखी वीस वर्षं मिळाली असती आणि मराठीला तेवीस खंड मिळाले नसते. हा सौदा बरा की वाईट, हे त्यांच्या घरच्यांनी सांगायचं, आपण खंड वापरणाऱ्यांनी नव्हे. मात्र उद्या कुणी केतकरांचा फोटो लावून ९० तासांची भलामण करू लागलं, तर त्याला एवढं नक्की विचारावं की केतकर रात्री जागत होते ते कुणाच्या बटणासाठी?

सावकाशीचंही फार कौतुक नको. मी ज्या कचेरीत होतो तिथेही सगळं कोशाच्या गतीने चाले, फक्त कोश निघत नसे. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला महिना लागायचा, आणि त्या महिन्यात तिच्यावर कुणी विचार करत असे म्हणावं, तर तेही नाही. साडेपाचला आम्हीही निघायचो. सव्वापाचलाच निघायचो. पण दाराबाहेर पाऊल पडताक्षणी फाइल डोक्यातून निघून जायची, आणि तीत कुणाचं पेन्शन अडकलंय हे दुसऱ्या दिवशी अकरानंतर आठवायचं. बाईंचं तसं नव्हतं. खुनी सापडायच्या ऐन वेळी त्या पुस्तक मिटायच्या, पर्स उघडायच्या आणि बसच्या तिकिटाच्या मागे काहीतरी खरडून ठेवायच्या. चष्म्याच्या घराखालची एखादी चिठ्ठी तिकडे, स्वारगेटच्या सिग्नलला, आपल्या गठ्ठ्यात जाऊन पडलेली असायची. दुसऱ्या दिवशी पंखा बंद करून त्या पहिली तीच लावत. काम आणि घर यांच्यामध्ये त्यांनी भिंत बांधली नव्हती, एक बस तेवढी होती.

मोठे खंड, मोठी नावं यांच्यामुळे कुणाला वाटेल की हे विद्वानांचं झालं, बाकीच्यांनी काय करायचं. तर इकिगाईचा बाजार भरण्याच्या पन्नास वर्षं आधी, १९६६ मध्ये, जपानमध्ये मिएको कामिया या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी त्याच विषयावर पुस्तक लिहिलं. त्या नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत काम करत. घरदार तुटलेली माणसं, परत जाण्याचा रस्ता नाही. तरी एकाच आवारात काही जण आतून विझलेले आणि काही जण जगण्यात मन असलेले, असं का, हा त्यांचा प्रश्न होता. त्या वसाहतीत अंध रुग्णांचं हार्मोनिका वाजवणारं एक पथक होतं. रोगाने बोटांची संवेदना गेलेली, म्हणून त्यांच्यातले काही जण ब्रेलमधली स्वरलिपी जिभेने वाचायला शिकले. यांना चार वर्तुळांत कुठे बसवायचं ते दाखव, असं मी पुतण्याला म्हटलं. त्याने कागद पालथा घातला.

मग एके दिवशी त्याने बाईंनाच गाठलं. त्या आमची लोणच्याची वाटी परत करायला आल्या होत्या. रिकामी वाटी द्यायची नाही म्हणून तीत चार खजूर घातलेले.

‘‘आजी, तुमच्या कामामागचा हेतू काय होता?’’

‘‘हेतू?’’ बाई जरा विचारात पडल्या. ‘‘तो पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत दिलाय बघ. चांगला चार पानी आहे. मी नंतर लागले.’’

‘‘तो कोशाचा झाला. तुमचा स्वतःचा?’’

‘‘माझा स्वतःचा नोकरी मिळवणं हा होता. यांचा कारखाना बंद पडलेला, दोन पोरं पदरात. मुलाखतीत विचारलं, अक्षर कसं आहे. लिहून दाखवलं. लागले.’’

‘‘मग गोडी कधी लागली?’’

‘‘गोडी म्हणशील तर...’’ बाईंनी छताकडे पाहिलं, ‘‘ ‘नांगर’ला असेल. तोवर आपलं सांगतील ते उतरवायचं. ‘नांगर’ला म्हणजे रुमणं काय, इसाड काय, फाळ कुठे बसतो, मला काही कळेना. शहरात वाढलेली मी. आमच्याकडे एक शिपाई होते, शेतकऱ्याचे. त्यांनी खडूने फरशीवर अख्खा नांगर काढून दाखवला. त्या रात्री यांना तासभर नांगर समजावत बसले. हे म्हणाले, पुरे, आता पेरणी उद्या.’’

पुतण्या हसला. पण वकिली प्रश्न विचारायची त्याची सवय जात नाही. ‘‘आणि तुम्ही निवृत्त झालात तेव्हा कुठला शब्द होता?’’

‘‘पोळी. अर्धी राहिली होती.’’

‘‘अर्धी पोळी टाकून यायचं जिवावर नाही आलं?’’

‘‘टाकून कशी? पुढच्या मुलीसाठी दोन पानं लिहून ठेवली की. कुठला दाखला पक्का, कुठला संशयी, कुठली चिठ्ठी चष्म्याच्या घराखाली. मी आले तेव्हा माझ्या टेबलावर कुणाचा तरी ‘नगारा’ अर्धाच होता.’’

‘‘मग छापून आली का पोळी?’’

‘‘आली ना. आत्ताच निघाला तो खंड. बघितला मी.’’ बाईंचा चेहरा किंचित बदलला. ‘‘आंब्याच्या पोळीत दोन दाखल्यांचा क्रम उलटा लागलाय. जुना मागे आणि नवा पुढे.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, मंगळवारी बसने जाऊन सांगून आले.’’

‘‘पण आजी, छापून झालंय ना? आता सांगून काय उपयोग?’’

‘‘अरे, दुसऱ्या आवृत्तीत तरी दुरुस्त व्हायला नको का!’’

‘‘आणि दुसरी आवृत्ती कधी निघणार?’’

‘‘आधी पहिली तर संपू दे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘अजून ‘फ’ लागायचाय.’’